कार्टर ग्लास

कार्टर ग्लास (जन्म : लिंचबर्ग, व्हर्जिनिया, ४ जानेवारी १८५८, मृत्यू : वॉशिंग्टन डी.सी., २८ मे १९४६) हे अमेरिकन वृत्तपत्र-संपादक, राजकारणी आणि बँकविषयक कायद्यांचे शिल्पकार होते. फेडरल रिझर्व्ह ही मध्यवर्ती बँकव्यवस्था स्थापन करणारा १९१३ चा कायदा आणि १९३३ चा बँकिंग कायदा यांच्याशी त्यांचे नाव निगडित आहे. दुसऱ्या कायद्याने चालू खात्यांवरील व्याजास घातलेली बंदी व्यापारी खात्यांबाबत २०११ पर्यंत टिकली.

प्रारंभिक जीवन

ग्लास यांचे वडील वृत्तपत्राचे संपादक होते. आईचे छत्र बालपणीच हरपले. यादवी युद्धानंतरच्या हलाखीत शिक्षण अर्धवट सोडून त्यांनी छापखान्यात उमेदवारी केली. पुढे ते लिंचबर्गमधील एका दैनिकाचे बातमीदार, संपादक आणि १८८८ मध्ये मालक झाले. अर्थशास्त्राचे औपचारिक शिक्षण त्यांना मिळाले नव्हते. त्यांचे ज्ञान वाचनातून आलेले होते.

राजकीय कारकीर्द

१८९९ मध्ये ते व्हर्जिनियाच्या सिनेटवर निवडून आले. १९०१-०२ च्या राज्यघटना परिषदेत मतदानासाठी कर व आकलनाची परीक्षा या अटी आणण्यात त्यांचा पुढाकार होता. कृष्णवर्णीयांना मताधिकारापासून दूर ठेवणे हा त्यामागील उघड हेतू होता. १९०२ मध्ये ते अमेरिकन काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहात गेले. १९१३ चा कायदा त्यांनी तेथील बँकिंग समितीचे अध्यक्ष म्हणून मार्गी लावला. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्या मंत्रिमंडळात ते १९१८ ते १९२० या काळात अर्थमंत्री होते. त्यानंतर अखेरपर्यंत ते सिनेटचे सदस्य राहिले. १९३३ मध्ये रूझवेल्ट यांनी देऊ केलेले अर्थमंत्रिपद त्यांनी नाकारले.

चालू खात्यांवरील व्याजबंदी

१९२० च्या दशकात गावोगावच्या लहान बँका आपला पैसा व्याजासाठी न्यूयॉर्कच्या मोठ्या बँकांत ठेवीत. तो पैसा शेअर दलालांना अल्पमुदतीची कर्जे देण्यासाठी वापरला जाई. शेती व स्थानिक व्यापार यांच्या वाट्याचे भांडवल अशा रीतीने सट्ट्यात जाते, असे ग्लास यांचे मत होते. शिवाय ठेवी मिळविण्यासाठी जादा व्याज देणारी बँक धोक्याची कर्जे देऊ लागते, असाही समज होता. १९२९ च्या घसरणीनंतर हजारो बँका बुडाल्या आणि या विचारांना बळ मिळाले.

१६ जून १९३३ रोजी ग्लास-स्टीगल कायदा अमलात आला. त्याने मागताक्षणी परत करावयाच्या ठेवींवर व्याज देण्यास मनाई केली व व्यापारी बँकांचे व्यवहार रोखेबाजारापासून वेगळे केले. ठेव विम्याचा आग्रह मात्र हेन्री स्टीगल यांचा होता. ग्लास यांनी तो नाखुशीने मान्य केला. व्याजाची बचत झाल्याने बँकांना विम्याच्या हप्त्याचा भार पेलता येईल, असा युक्तिवाद त्या वेळी केला गेला.

उत्तरकाल व वारसा

ग्लास यांच्या पश्चात महागाई व व्याजदर वाढले, तेव्हा ही बंदी जाचक ठरू लागली. मोठ्या कंपन्या दिवसअखेरीस खात्यातील शिल्लक अन्यत्र गुंतवून तीवर उत्पन्न मिळवीत. लहान व्यापाऱ्यांना ही सोय सहसा परवडत नसे. १९८० च्या कायद्याने व्यक्ती व ना-नफा संस्थांना धनादेशाची सोय असलेल्या सव्याज खात्यांची मुभा देशभर मिळाली, परंतु व्यवसायांना वगळले गेले. २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्याने ही बंदी रद्द केली आणि २१ जुलै २०११ पासून बँकांना व्यापारी चालू खात्यांवरही व्याज देण्याची मोकळीक मिळाली. ते देण्याची सक्ती मात्र नाही. सट्टा रोखण्यासाठी घातलेला हा निर्बंध अशा प्रकारे ७८ वर्षे टिकला.