पॉल ओत्ले

पॉल ओत्ले (२३ ऑगस्ट १८६८, ब्रुसेल्स – १० डिसेंबर १९४४) हे बेल्जियन वकील, ग्रंथसूचीकार आणि प्रलेखनशास्त्राचे एक प्रवर्तक होते. दस्तऐवज जतन करण्याइतकेच त्याचे नेमके आणि एकसमान वर्णन करणे महत्त्वाचे आहे, या विचारावर त्यांचे कार्य उभे होते. शीर्षक, लेखक, विषय अशी माहिती अंकीय दस्तऐवजांना जोडण्याची आजची पद्धत वर्णनात्मक मेटाडेटा म्हणून ओळखली जाते. ओत्ले हे या पद्धतीचे पूर्वसूरी मानले जातात.

प्रारंभिक जीवन

ओत्ले यांचे वडील एदुआर हे ट्राम व्यवसायातील उद्योजक होते. आईचे निधन पॉल यांच्या बालपणीच झाले. सुरुवातीचे शिक्षण घरीच झाल्यावर त्यांनी पुढे कायद्याचा अभ्यास केला आणि १८९० मध्ये पदवी मिळवली. वकिलीत त्यांचे मन रमले नाही. याच सुमारास त्यांची विधिज्ञ आंरी ला फोंतेन यांच्याशी मैत्री झाली. ला फोंतेन यांना १९१३ चे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

विश्वग्रंथसूची

१८९५ मध्ये या दोघांनी ब्रुसेल्समध्ये आंतरराष्ट्रीय ग्रंथसूची संस्था स्थापन केली. सर्व देशांतील व सर्व काळांतील मुद्रित साहित्याची एकच सूची तयार करणे हे तिचे उद्दिष्ट होते. प्रत्येक नोंदीसाठी सुमारे १२.५ × ७.५ सेंटिमीटर आकाराचे स्वतंत्र पत्र वापरले जाई. एक मांडणी लेखकनामानुसार आणि दुसरी विषयानुसार असे; त्यामुळे लेखक ठाऊक नसलेल्या वाचकालाही ग्रंथ सापडू शके. पुढे या सूचीत दीड कोटींहून अधिक नोंदी जमा झाल्या. टपालाने प्रश्न पाठवून ठरावीक शुल्कात संबंधित नोंदींच्या प्रती मागवण्याची सोयही संस्थेने केली होती.

सार्वत्रिक दशांश वर्गीकरण

विषयवार मांडणीसाठी ओत्ले व ला फोंतेन यांनी मेल्विल ड्युई यांच्या दशांश वर्गीकरणाचा आधार घेतला आणि त्याचा विस्तार केला. त्याची पहिली फ्रेंच आवृत्ती १९०४ ते १९०७ या काळात निघाली. दोन विषयांचा परस्परसंबंध दाखवण्यासाठी त्यांच्या क्रमांकांमध्ये अपूर्णविराम वापरण्यात येतो. उदाहरणार्थ, ३२ म्हणजे राजकारण आणि ६३ म्हणजे शेती. म्हणून ३२:६३ या चिन्हाने या दोन्हींच्या संबंधावरील साहित्य दर्शवले जाते. स्थळ, काळ, भाषा आणि स्वरूप यांसाठीही वेगळी चिन्हे आहेत. एकच ग्रंथ अनेक अंगांनी वर्णिता येणे, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य ठरले.

मुंडेनियम आणि अखेरची वर्षे

पहिल्या महायुद्धात, १९१४ मध्ये, ओत्ले यांचा मुलगा जाँ आयझरच्या लढाईत मारला गेला. ज्ञानाची मुक्त देवाणघेवाण राष्ट्रांना जवळ आणील, ही ओत्ले यांची श्रद्धा मात्र टिकून राहिली. युद्धानंतर सूची व संग्रहालय ब्रुसेल्समधील सँकांतनेर येथील शासकीय इमारतीत एकत्र मांडण्यात आले. हा संग्रह पुढे मुंडेनियम या नावाने प्रसिद्ध झाला. १९३४ मध्ये शासनाने तो बंद केला. त्याच वर्षी ओत्ले यांचा प्रलेखनावरील बृहद्ग्रंथ प्रकाशित झाला. दूरवरच्या ग्रंथालयातील मजकूर दूरध्वनीच्या साह्याने वाचकासमोरील पडद्यावर आणण्याची कल्पना त्यांनी त्यात मांडली होती. १९४० मध्ये जर्मन आक्रमणानंतर ती जागा कलाप्रदर्शनासाठी रिकामी करण्यात आली. संग्रहाचा काही भाग नष्ट झाला, तर उरलेला अन्यत्र हलवण्यात आला. महायुद्ध संपण्यापूर्वीच ओत्ले यांचे निधन झाले.

वारसा

निधनानंतर ओत्ले बराच काळ विस्मृतीत गेले. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून डब्ल्यू. बॉइड रेवर्ड यांच्या संशोधनामुळे त्यांच्या कार्याकडे पुन्हा लक्ष वेधले गेले. १९९८ मध्ये बेल्जियममधील माँस येथे मुंडेनियमचे संग्रहालय खुले झाले. विश्वग्रंथसूचीचा समावेश २०१३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत करण्यात आला. १९९५ मध्ये सुरू झालेल्या डब्लिन कोर या मेटाडेटा मानकाच्या मूळ १५ घटकांत शीर्षक, निर्माता, विषय, दिनांक आणि भाषा यांचा समावेश आहे. ओत्ले यांच्या काळात असे वर्णन ग्रंथापासून वेगळ्या पत्रावर लिहिले जाई. अंकीय दस्तऐवजात ते फाइलच्या आतही नोंदवता येते. सार्वत्रिक दशांश वर्गीकरण आजही अनेक देशांतील ग्रंथालयांत वापरले जाते.