गाठीशेजारच्या पेशींचं काय होतं? हे तपासण्याचं तंत्र भारतात रुजवणाऱ्या कमल रणदिवे

कॅन्सरच्या गाठीला विजेचे अतिसूक्ष्म झटके दिले की पेशींच्या आवरणाला छिद्रं पडतात. पण झटका न बसलेल्या शेजारच्या पेशींचं काय? हे पाहायला पेशी शरीराबाहेर वाढवाव्या लागतात.

हे तंत्र भारतात रुजवलं डॉ. कमल रणदिवे यांनी. जन्म पुण्यात, १९१७ चा. वडिलांची इच्छा होती मुलीनं डॉक्टर व्हावं. त्या जीवशास्त्राकडे वळल्या. १९४९ मध्ये पीएचडी केली, मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये टिश्यू कल्चर शिकल्या. परतल्यावर मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये देशातली पहिली टिश्यू कल्चर लॅब उभारली. १९८२ मध्ये पद्मभूषण, २००१ मध्ये निधन.

आज संशोधक झटका बसलेल्या पेशींभोवतीचा द्रव दुसऱ्या पेशींवर टाकून परिणाम तपासतात, तेही याच तंत्रानं. निरोगी पेशींना किती धोका आहे, याचा पहिला अंदाज रुग्णाला हात लावण्याआधी लॅबमध्येच येतो.