मुंबईत रशिया, कानपूरला अमेरिका : दोन आयआयटींच्या जडणघडणीतले डॉ. पु. का. केळकर

बारावीचा निकाल लागला की आपल्याकडं इंजिनिअरिंग कॉलेजांच्या जाहिरातींचा पूर येतो. एसटी स्टँडवर, चौकात, मोबाईलवर सगळीकडं तेच. त्यात हल्ली एक ओळ हमखास असते: आमचा अमुक परदेशी विद्यापीठाशी करार आहे. खाली हातात फाईल धरून दोन माणसं हस्तांदोलन करतानाचा फोटो. करारानं नेमकं काय झालं, कोण आलं, कोण शिकलं, हे मात्र कुठंच लिहिलेलं नसतं.

असा करार खरोखर करून, चालवून दाखवणारा एक मराठी माणूस होऊन गेला. डॉ. पुरुषोत्तम काशिनाथ केळकर. आयआयटीत शिकलेल्यांना हे नाव माहीत असतं, आपल्या भागात फारसं कुणाला नाही. (आपल्याकडं तर आयआयटी म्हटलं की अजून काही जणांना आयटीआयच वाटतं. दोन्ही लागतात, पण वेगवेगळ्या आहेत.)

केळकरांचा जन्म १ जून १९०९ चा, धारवाडचा. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. मुंबईत बीएस्सी केलं, मग बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये विजेच्या तंत्रज्ञानाचं शिक्षण घेतलं आणि तिथून इंग्लंडला गेले. १९३७ मध्ये लिव्हरपूल विद्यापीठाची पीएचडी मिळवली. तिकडं न राहता परत आले. आधी बेंगळुरूला आणि १९४३ पासून माटुंग्याच्या व्हीजेटीआयमध्ये विद्युत अभियांत्रिकी शिकवू लागले.

स्वातंत्र्यानंतर धरणं, पोलाद कारखाने, वीजकेंद्रं उभी राहायला लागली. इंजिनिअर मात्र मोजके होते आणि यंत्र बिघडलं तर परदेशातून माणूस बोलवावा लागायचा. म्हणून देशाच्या चार दिशांना चार मोठ्या तंत्रशिक्षण संस्था काढायचं ठरलं. पहिली बंगालमध्ये खरगपूरला झाली. दुसरी मुंबईत व्हायची होती आणि तिच्या नियोजनाचं काम केळकरांकडं आलं.

मुंबईच्या संस्थेला मदत मिळाली सोव्हिएत रशियाची, युनेस्कोच्या मार्फत. यंत्रसामग्री आणि तज्ज्ञ त्यांचे. इमारती आणि रोजचा खर्च आपल्या सरकारचा. १९५८ च्या जुलैमध्ये वरळीला सस्मिराच्या इमारतीत शंभर पोरांना घेऊन वर्ग सुरू झाले. पवईला पंडित नेहरूंच्या हस्ते कोनशिला बसली ती पुढच्या वर्षी, मार्च १९५९ मध्ये. संस्था अजून अंग धरत होती तोवर केळकरांना दुसरं बोलावणं आलं. कानपूरला नवी आयआयटी काढायची होती, तिचे पहिले संचालक म्हणून. १९५९ च्या अखेरीस ते तिकडं गेले.

इथं सुरुवात शून्यातून होती. १९६० मध्ये शहरातल्या हारकोर्ट बटलर संस्थेच्या कॅन्टीनच्या इमारतीत पहिले वर्ग भरले. शहराबाहेर कल्याणपूरला जागा मिळाली होती, पण तिथं तेव्हा मोकळं रानच होतं. तिथल्या इमारतींचा आराखडा केला अच्युत कानविंदे यांनी. हेही आपलेच, सिंधुदुर्गातल्या आचऱ्याचे, अमेरिकेत हार्वर्डला शिकून आलेले. त्यांनी ग्रंथालय मधोमध ठेवलं आणि विभागांच्या इमारती उंचावरच्या पायवाटांनी एकमेकींना जोडल्या.

कानपूरला मदत करणार होती अमेरिका. त्या काळात अमेरिका आणि रशिया एकमेकांना पाण्यात पाहत होते. मुंबईत रशियाची यंत्रं मांडण्याच्या तयारीत असलेला माणूस कानपूरला अमेरिकनांशी बोलणी करत होता, आणि दोन्हीकडं आपल्या पोरांचा फायदा बघत होता. त्याच अमेरिकेतून तेव्हा आपल्या रेशनला गहू येत होता. पैसा आणि धान्य देणाऱ्यापुढं मान ताठ ठेवून बोलणं सोपं नसतं, हे कर्जाच्या दारात उभं राहिलेल्याला वेगळं सांगायला नको.

काम एकाच विद्यापीठाकडं न देता नऊ विद्यापीठांचा गट झाला. त्यात एमआयटी, कॅलटेक, प्रिन्स्टन, बर्कली, मिशिगन, पर्ड्यू, ओहायो स्टेट, कार्नेगी आणि केस अशी नावं होती. पैसा अमेरिकन सरकारच्या मदत खात्याचा. १९६२ पासून १९७२ पर्यंत हे चाललं आणि त्या काळात शंभराहून जास्त अमेरिकन प्राध्यापक व तज्ज्ञ कानपूरला येऊन गेले. कुणी वर्षभर राहिले, कुणी दोन वर्षं. काही जण बायकापोरांसकट उत्तर प्रदेशातल्या त्या उन्हाळ्यात राहिले. आपले तरुण प्राध्यापक तिकडं जाऊन शिकून आले. पुस्तकं आणि प्रयोगशाळेची उपकरणं आली.

खरी मेख पुढं होती. आलेला पाहुणा काही वर्षांनी जाणार, मग प्रयोगशाळा कोण चालवणार? म्हणून केळकरांनी सगळ्यात जास्त जीव लावला तो आपल्या माणसांच्या भरतीत. परदेशात शिकलेल्या, तिकडं बस्तान बसलेल्या भारतीय तरुणांना त्यांनी कानपूरला ओढून आणलं. आल्यावर त्यांना मोकळीक दिली. वय आणि सेवाज्येष्ठता बघत बसले नाहीत. १९६३ मध्ये आलेले सी. एन. आर. राव तेव्हा तिशीच्या आतले होते. त्यांनी पीएचडी त्याच नवांपैकी पर्ड्यूमधून केली होती. पुढं त्यांना भारतरत्न मिळालं.

अभ्यासक्रमही जसाच्या तसा उचलून आणला नाही. बीटेक तेव्हा पाच वर्षांचं होतं. त्यात पहिली वर्षं सगळ्यांना गणित, भौतिक, रसायन पक्कं शिकायचं आणि जोडीला भाषा, समाजशास्त्र असे विषयही घ्यायचे. वर्षाच्या शेवटी एकच मोठी परीक्षा, ही जुनी रीत बाजूला ठेवून सेमिस्टर आणि ग्रेड आणले. आज आपल्या तालुक्याच्या कॉलेजातही सेमिस्टर आहे. तेव्हा ती नवलाई होती.

१९६३ मध्ये आयबीएम १६२० हा कम्प्युटर कानपूरला आला. बर्कलीचे हॅरी हस्की त्या तुकडीचे प्रमुख होते. आपल्या हातातल्या साध्या मोबाईलपुढं त्या यंत्राची ताकद काहीच नव्हती, पण देशात तेव्हा कम्प्युटरच बोटावर मोजण्याइतके. असं यंत्र काचेआड ठेवून फक्त दोन-चार जाणत्यांनी हाताळावं, असं सहज झालं असतं. कानपूरला ते विद्यार्थ्यांना वापरायला दिलं. शिवाय बाहेरच्या कॉलेजांतल्या आणि संशोधन संस्थांतल्या लोकांसाठी थोड्या दिवसांचे वर्ग घेतले. हे शिकवण्यात व्ही. राजारामन पुढं होते आणि प्रोग्रॅमिंगवरची त्यांची पुस्तकं नंतर देशभर वाचली गेली. इन्फोसिसचे नारायण मूर्ती १९६९ मध्ये इथूनच एमटेक होऊन बाहेर पडले.

सगळं गोड नव्हतं. पहिली तुकडी १९६५ मध्ये बाहेर पडली आणि त्यानंतर कानपूरची कितीतरी हुशार पोरं थेट अमेरिकेच्या वाटेला लागली. सरकारी पैशानं शिकवायचं आणि फळ दुसऱ्यानं खायचं, ही टीका तेव्हापासून आजपर्यंत होत आलीय. ती खोटी म्हणता येणार नाही. अमेरिकेच्या धर्तीवर शिकवलं की पोरगं अमेरिकेच्याच कामाला सोपं पडतं. केळकरांच्या कामातली ही गाठ त्यांना सुटली नाही, आणि नंतरच्यांनाही कुठं सुटलीय?

१९६९ मध्ये केळकरांना पद्मभूषण मिळालं. १९७० मध्ये ते मुंबईला परतले, पवईच्या आयआयटीचे संचालक म्हणून. ज्या संस्थेचं नियोजन त्यांनी केलं होतं, तिचा कारभार १९७४ पर्यंत सांभाळला. मधल्या काळात १९७१ चं बांगलादेश युद्ध झालं, अमेरिका पाकिस्तानच्या बाजूनं उभी राहिली आणि दोन्ही देशांत कडवटपणा आला. १९७२ मध्ये कानपूरचा कार्यक्रम संपला आणि पाहुणे परत गेले. कानपूरचे वर्ग आणि प्रयोगशाळा मात्र चालूच राहिल्या, कारण शिकवणारे तोवर इथलेच होते.

केळकर ऑक्टोबर १९९० मध्ये वारले. कानविंद्यांनी कानपूरला मधोमध बांधलेलं ते ग्रंथालय आज पी. के. केळकर ग्रंथालय म्हणून ओळखलं जातं.