युसूफ मेहेरअली : शब्दाचे वजन

पनवेलहून मुंबई-गोवा महामार्गाने पेणच्या दिशेने निघाले की तारा गाव लागते. तेथील युसूफ मेहेरअली सेंटरचा फलक आपण पाहिला असेल. कदाचित तेथील रुग्णालयात उपचारासाठी गेलाही असाल. परंतु हे नाव ज्यांचे, ते गृहस्थ कोण होते, हे आपल्या मुलांना कधी सांगितले आहे का?

२३ सप्टेंबर १९०३ रोजी मुंबईतील एका संपन्न व्यापारी मुस्लिम घराण्यात त्यांचा जन्म झाला. कायद्याचे शिक्षण पूर्ण झाले, पण राजकीय कार्यामुळे वकिलीची सनद नाकारली गेली. १९२८ साली सायमन कमिशनविरुद्ध मुंबईच्या बंदरावर निदर्शने करणाऱ्या तरुणांचे ते पुढारी होते. १९४२ मध्ये लाहोरच्या तुरुंगात असतानाच मुंबईच्या महापौरपदासाठी त्यांचे नाव पुढे आले, आणि वयाच्या अडतिसाव्या वर्षी ते त्या पदावर निवडून आले. त्याच ऑगस्टमध्ये पुन्हा अटक झाली.

वाचकहो, सूरह निसामध्ये भल्या कामासाठी शिफारस करणाऱ्याला त्या भल्याचा वाटा मिळेल, असे सांगितले आहे. आपल्याकडे मात्र शिफारस म्हटली की आपल्या पुतण्याचा प्रवेश किंवा आपल्याच घराचा अडलेला कागद आठवतो. ज्याला ओळख नाही, त्याच्यासाठी आपण कितीदा शब्द टाकतो?

मेहेरअलींपुढे हा प्रश्न तुरुंगात उभा राहिला, तोही जिवावर बेतलेला असताना. त्यांना हृदयविकाराचा झटका आला. बंदिवान असले तरी ते महानगराचे महापौर. त्यांना विशेष उपचारांसाठी मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात हलवण्याची सरकारने तयारी दर्शवली. नावाचे एवढे वजन होते. त्यांनी ते आणखी दोघांसाठी खर्च केले. तुरुंगातील दोन आजारी सहकाऱ्यांनाही तसेच उपचार मिळावेत, अशी अट त्यांनी घातली. सरकारने ती नाकारली, तेव्हा त्यांनी स्वतःसाठी देऊ केलेली सवलतही नाकारली. त्या दोघांना रुग्णालय मिळाले नाही, हे खरे. पण आपल्या वाट्याची सोय त्यांना मागे टाकून घेणे मेहेरअलींना मान्य झाले नाही.

१९४३ मध्ये सुटका झाली, तरी प्रकृती पूर्ववत झाली नाही. २ जुलै १९५० रोजी, अवघ्या सेहेचाळिसाव्या वर्षी, ते अल्लाहकडे परतले.

१९६१ साली त्यांच्या चाहत्या सहकाऱ्यांनी त्यांच्या नावाने संस्था काढली. ताऱ्याच्या रुग्णालयात आज आसपासच्या आदिवासी वाड्यांतील रुग्ण येतात, ज्यांच्यासाठी कोणी चिठ्ठी लिहून दिलेली नसते.