मिशावाली आई

मूल धाकट्याला चावले, शेजारच्या पोराला ओरबाडले, की आपला हात आधी उगारला जातो. तो हात आवरायला ज्यांनी शिकवले, त्या गिजुभाई बधेकांची ही थोडक्यात हकिकत.

गिजुभाईंचा जन्म १५ नोव्हेंबर १८८५ रोजी सौराष्ट्रातील चितळ गावी झाला. पेशाने ते वकील. १९१३ साली त्यांना मुलगा झाला, आणि त्याला वाढवावे कसे या काळजीपोटी त्यांनी मादाम माँटेसरींचे विचार अभ्यासले. १९१६ साली ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गेले व १९२० साली तेथे बालमंदिर काढले.

तेथे छडी नव्हती, तसेच बक्षिसाचे आमिषही नव्हते. गोष्टी, गाणी, खेळ आणि चिमण्या हातांना जमेल असे काम होते. मुले त्यांना इतकी बिलगत की त्यांचे नावच पडले मिशावाली आई. आपल्या ताराबाई मोडकही तेथेच त्यांच्या सहकारी झाल्या. पुढे त्यांनी हे काम बोर्डी व कोसबाडला आदिवासी मुलांपर्यंत नेले. २३ जून १९३९ रोजी मुंबईत गिजुभाई निवर्तले.

भगिनींनो, मार खाणारे मूल मारायलाच शिकते, हे आजचे शास्त्रही सांगते. माया म्हणजे फाजील लाड नव्हेत. मारणारा हात धरावा, चावू देऊ नये. पण धरलेल्या त्या मुलाला मग जवळही घ्यावे. रागावलेल्या मुलालाच आईची कूस जास्त लागते.