लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर (२० जून १८६९ – २६ सप्टेंबर १९५६) हे मराठी यंत्रज्ञ आणि उद्योजक होते. किर्लोस्कर उद्योगसमूहाचे ते संस्थापक होत. लोखंडी नांगर आणि कडबा कापण्याचे यंत्र बनवून त्यांनी कारखानदारीस आरंभ केला. सध्याच्या सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी ही औद्योगिक वसाहत त्यांनी १९१० मध्ये वसवली.

बालपण आणि शिक्षण

लक्ष्मणरावांचा जन्म तत्कालीन मुंबई इलाख्यातील बेळगाव जिल्ह्यात गुर्लहोसूर या गावी झाला. संगीत नाटककार अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे. वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे अभ्यासक होते. लक्ष्मणरावांचे मन शालेय अभ्यासात रमत नसे. त्यांना चित्रकलेची आणि यंत्रांची ओढ होती. वडिलांची इच्छा निराळी असतानाही थोरले बंधू रामचंद्र ऊर्फ रामुअण्णा यांनी खर्चाचा भार उचलण्याची तयारी दाखवली आणि १८८५ मध्ये लक्ष्मणराव मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाले.

तेथे काही काळाने त्यांच्या दृष्टीत रंगांधत्वाचा दोष असल्याचे आढळले. काही रंगांतील भेद त्यांना ओळखता येत नसे. त्यामुळे रंगचित्रणाचा मार्ग बंद झाला. रेषांवर मात्र त्यांचे प्रभुत्व होते. त्यांनी यांत्रिक आरेखनाचा अभ्यास केला आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते त्या विषयाचे साहाय्यक शिक्षक झाले. संस्थेच्या कर्मशाळेतील यंत्रे हाताळून त्यांनी प्रत्यक्ष कामाचे ज्ञान मिळवले. बढतीच्या वेळी त्यांना डावलण्यात आल्याने त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला व ते बेळगावास परतले.

बेळगावातील उद्योग

रामुअण्णांच्या साहाय्याने बेळगावात सायकलींचे दुकान १८८८ मध्येच सुरू झाले होते. ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ या नावाचा आरंभ येथूनच झाला. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत आणि रामुअण्णा त्या विकून गिऱ्हाइकांना चालवण्यासही शिकवीत. त्या काळी सायकल ही सुखवस्तू लोकांचीच वस्तू होती. कायम बेळगावात आल्यावर लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याच्या उपयोगी पडणाऱ्या यंत्रांकडे लक्ष वळवले. त्यांनी प्रथम कडबा कापण्याचे यंत्र केले. अखंड कडबा घातल्यास जनावरे त्यातील बराच भाग तुडवून वाया घालवतात; बारीक कुट्टी केल्यास तोच कडबा अधिक दिवस पुरतो. दुष्काळाची धास्ती असलेल्या प्रदेशात हा लाभ लहान नव्हता.

लोखंडी नांगर

किर्लोस्करांचा पहिला लोखंडी नांगर १९०३ मध्ये तयार झाला. देशी लाकडी नांगर माती फोडतो, परंतु ती उलटवीत नाही. लोखंडी नांगराचा फाळ ढेकूळ तळातून कापतो आणि त्यामागील वळणदार पंख ते पालथे घालतो. त्यामुळे हरळी व कुंदा यांसारख्या चिवट तणांची मुळे उघडी पडून उन्हाने वाळतात आणि खालची माती वर येते.

अशा अवजाराची घडण म्हणजे परस्परविरोधी गरजांचा मेळ असतो. फाळाचे बीड मऊ असेल तर ते लवकर झिजते आणि फार कठीण असेल तर दगडावर आदळून फुटते. नांगर जड असेल तर तो खोल जातो, पण बैलांना ओढवत नाही. हलका असेल तर वाळलेल्या काळ्या जमिनीत शिरत नाही. कृष्णाकाठची भारी काळी जमीन आणि माळावरची हलकी मुरमाड जमीन यांना एकच नांगर सारखाच मानवत नाही. शिवाय नांगर बिघडल्यास गावातील लोहाराला तो दुरुस्त करता यावा लागतो आणि झिजलेला फाळ बदलण्यासाठी सुटा भाग जवळपास मिळावा लागतो. विलायती नांगर या देशात उपलब्ध होते, परंतु त्यांची किंमत आणि सुट्या भागांची टंचाई या अडचणी होत्याच.

तथापि पहिली अडचण यंत्राची नव्हती, समजुतीची होती. लोखंडाच्या स्पर्शाने जमीन विषारी होते, असा समज शेतकऱ्यांत रूढ होता. पहिले नांगर विकले जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली. ज्यांनी ते वापरले त्यांच्या शेतातील अनुभव इतरांनी पाहिला आणि मगच मागणी वाढू लागली.

किर्लोस्करवाडीची स्थापना

धंद्याचा जम बसत असतानाच शहराच्या वाढीसाठी कारखान्याची जागा सोडण्याची सूचना बेळगाव नगरपालिकेकडून मिळाली. भट्टी आणि यंत्रे उचलून नेण्यास दुसरी जागा नव्हती आणि हाताशी भांडवलही नव्हते. लक्ष्मणरावांनी औंध येथील देवीच्या मंदिराच्या सभामंडपाचे काम केले होते व त्यातून औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्याशी त्यांचा स्नेह जडला होता. या प्रसंगी बाळासाहेबांनी त्यांना आपल्या संस्थानात कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळ ३२ एकर जमीन आणि १० हजार रुपयांचे कर्ज दिले.

ही जमीन म्हणजे निवडुंगाने भरलेले माळरान होते. तेथे सापांचा सुळसुळाट होता आणि पाण्याची टंचाई होती. जमेची बाजू एकच होती, ती म्हणजे पुणे-मिरज लोहमार्ग जवळून जात असे. १० मार्च १९१० हा किर्लोस्करवाडीचा स्थापना दिवस मानला जातो. रामुअण्णांनी वसाहतीची आखणी व व्यवस्था पाहिली. मंगेशराव रेगे हिशेब सांभाळीत. शंभोराव जांभेकर आणि अनंतराव फळणीकर यंत्रांची बाजू पाहत. शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही लक्ष्मणरावांनी विश्वासाने रखवालीचे काम दिले. वसाहतीत अस्पृश्यता पाळण्यास त्यांचा विरोध होता. पुढे रेल्वे स्थानकासही किर्लोस्करवाडी हेच नाव मिळाले.

पहिले महायुद्ध आणि उद्योगाचा विस्तार

पहिल्या महायुद्धामुळे परदेशी अवजारांची आयात थंडावली व देशी नांगरांची मागणी वाढली. परंतु त्याच वेळी लोखंड, कोळसा आणि रंग मिळेनासे झाले. या काळात कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांनी संस्थानातील जुन्या तोफा कारखान्यास दिल्या. त्या वितळवून नांगरांसाठी लोखंड मिळवण्यात आले.

१९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक सुरू केले. कारखान्याचे वार्तापत्र म्हणून निघालेले हे पत्र पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक या नावाने मराठी वाङ्मयात प्रतिष्ठा पावले. नांगरांपाठोपाठ उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे, लोखंडी फर्निचर, पाण्याचे पंप आणि तेलावर चालणारी इंजिने तयार होऊ लागली. मोटेने पाणी काढणाऱ्या बागाइतदारांच्या दृष्टीने पंप व इंजिन ही जोडी नांगराइतकीच महत्त्वाची ठरली.

लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन १९२६ मध्ये परतले आणि कारखान्यात रुजू झाले. पुढील पिढीच्या काळात हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर (१९४१), बंगळूर येथे किर्लोस्कर इलेक्ट्रिक (१९४६) आणि पुण्यात खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स (१९४६) या कंपन्या उभ्या राहिल्या.

१९४८ चा आघात आणि अखेर

३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या झाल्यानंतर दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मण कुटुंबांची घरे व व्यवसाय यांवर जमावांचे हल्ले झाले. किर्लोस्करवाडीलाही आग लावण्यात आली आणि कारखान्याची मोठी हानी झाली. त्या वेळी लक्ष्मणरावांचे वय ७८ वर्षांचे होते. माळावर दगडधोंडे वेचून उभे केलेले आयुष्यभराचे काम जळाले असतानाही वसाहत मोडण्यात आली नाही. कारखाना पुन्हा बांधण्यात येऊन उत्पादन सुरू झाले. त्याच वर्षी औंध संस्थान भारतात विलीन झाले. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन हा भाग दक्षिण सातारा जिल्ह्यात आला. १९६० पासून हा जिल्हा सांगली या नावाने ओळखला जातो.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे पुणे येथे निधन झाले. त्यांच्या पत्नीचे नाव राधाबाई होते.

स्मृती

लक्ष्मणरावांच्या जन्मशताब्दीनिमित्त २० जून १९६९ रोजी भारतीय टपाल खात्याने त्यांचे चित्र असलेले टपाल तिकीट काढले. शंकरराव किर्लोस्कर यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र ‘यांत्रिकाची यात्रा’ या नावाने प्रसिद्ध आहे. बेळगावातील एका रस्त्यास किर्लोस्करांचे नाव आहे. किर्लोस्करवाडी ही आता सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात असून तेथील कारखान्यात पंपांचे उत्पादन होते.