तबकडीचा जनक : एमिल बर्लिनर

आवाज साठवून तो पुन्हा ऐकवणारे यंत्र प्रथम एडिसनने केले, हे आपण सर्वांनी शाळेत पाठ केलेले आहे. १८७७ साली त्याचा फोनोग्राफ बोलला आणि ते श्रेय त्याचेच आहे. पण त्या यंत्रात आवाज उमटत असे तो एका नळकांड्यावर. आपल्या आजोबांच्या पिढीने रेकॉर्ड म्हणून जी ऐकली आणि पुढे सीडीच्या रूपाने जी घरोघर आली, ती सपाट, गोल, मधोमध भोक असलेली तबकडी ही दुसऱ्याच एका माणसाची देणगी आहे. त्याचे नाव एमिल बर्लिनर. आपल्यापैकी किती जणांनी हे नाव ऐकले असेल? मी तरी गेल्या वर्षीपर्यंत ऐकले नव्हते.

माझी या नावाशी ओळख झाली ती तबकड्यांमुळेच. आमचे अण्णा लग्नकार्यात आणि जत्रेत लाउडस्पीकर लावतात. त्यांनी धंद्याला सुरुवात केली तेव्हा रेकॉर्डी वाजत असत. मग कॅसेटी आल्या, मग सीडी आणि आता पेनड्राइव्ह. गेल्या वर्षी एका निवृत्त गृहस्थांचा दुरुस्त केलेला अ‍ॅम्प्लिफायर पोचवायला मी त्यांच्याबरोबर गेले होते. त्या घरात एक कपाट भरून फक्त सीडी होत्या, आणि त्याही साध्यासुध्या नव्हत्या. जुन्या गाजलेल्या संगीताच्या मूळ टेपा मिळवून, त्यांवरून नव्याने उतरवलेल्या या खास आवृत्त्या. अमेरिकेतील मोबाइल फिडेलिटी किंवा डीसीसी अशा कंपन्यांनी काढलेल्या. काहींच्या आत अ‍ॅल्युमिनियमऐवजी सोन्याचा पातळ थर. मूळ कंपनीने दिलेल्या परवान्याची मुदत संपली की अशा आवृत्तीच्या प्रती निघणे बंद होते आणि मग जुन्या प्रतीची किंमत वाढत जाते. त्या काकांनी एक सीडी कडांनी धरून उजेडात तिरकी केली आणि भोकाजवळच्या कड्यावरचे बारीक आकडे वाचले. ती प्रत कोणत्या साच्यातून निघाली हे संग्राहकाला त्या आकड्यांवरून कळते.

मोबाइलवर जे गाणे फुकट ऐकता येते, त्याची जुनी सीडी एवढे पैसे मोजून का घ्यायची, असे मी त्यांना विचारले. त्यांनी मला माइल्स डेव्हिस या अमेरिकन कलावंताच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ची हकिकत सांगितली. २ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याच्या पहिल्या बाजूच्या तीन रचना ज्या टेपयंत्रावर घेतल्या, ते यंत्र किंचित हळू फिरत होते. त्यामुळे नेहमीच्या वेगाने वाजवताच त्या रचना थोड्या चढ्या सुरात ऐकू येऊ लागल्या. पुढे तीस-बत्तीस वर्षे जगभर प्रती निघाल्या त्या अशाच. जोडीला चाललेल्या दुसऱ्या यंत्रावरची टेप मात्र बरोबर वेगाची होती आणि तिच्या आधाराने १९९२ साली दुरुस्त आवृत्ती निघाली. मूळ साच्यात जे असेल ते प्रत्येक प्रतीत उतरते, मग तो सूर असो की दोष. ही साच्याची आणि प्रतीची कल्पना पहिल्यांदा कोणाची, हे शोधू लागले आणि ग्रंथालयातल्या विश्वकोशापासून सुरुवात करून बर्लिनरपाशी येऊन पोचले.

एमिल बर्लिनरचा जन्म २० मे १८५१ रोजी जर्मनीतील हॅनोव्हर शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. वडील व्यापारी आणि धर्मग्रंथांचे अभ्यासक. आईला संगीताची आवड. घरात मुलांचे खटले मोठे आणि मिळकत बेताची. त्यामुळे चौदाव्या वर्षी एमिलची शाळा संपली ती कायमचीच. मग छापखान्यात हरकाम्या, त्यानंतर कापडाच्या दुकानात कारकून. दुकानातली कापडे उलगडता उलगडता या मुलाला यंत्रांचा नाद लागला आणि कापड विणण्याचे एक यंत्र त्याने आपल्या डोक्याने बनवले, असे त्याचे चरित्रकार सांगतात.

१८७० साली लष्करातील सक्तीची नोकरी टाळण्यासाठी त्याने अमेरिकेची वाट धरली. त्याच वर्षी त्याला एकोणिसावे वर्ष पूर्ण झाले. आज माझेही वय तेवढेच आहे. जवळ ना पदवी, ना पैसा, ना त्या देशाची भाषा. वॉशिंग्टनमध्ये ओळखीच्या माणसाच्या दुकानात त्याला काम मिळाले. तीन वर्षांनी तो न्यूयॉर्कला गेला आणि तेथे पडेल ते काम करू लागला. सॅकरिनच्या शोधाशी ज्याचे नाव पुढे जोडले गेले त्या फालबर्ग या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत तो बाटल्या धूत असे. दिवसा बाटल्या आणि संध्याकाळी कूपर युनियन! पीटर कूपर नावाच्या उद्योगपतीने, ज्याला स्वतःला फारसे शालेय शिक्षण मिळाले नव्हते, काम करणाऱ्या लोकांसाठी १८५९ साली ही संस्था उघडली होती. तेथे रात्रीचे वर्ग फुकट आणि वाचनालयही खुले. बर्लिनरचे विद्यापीठ म्हणायचे तर ते हेच. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. ज्याच्या घरात पुस्तक नाही त्याला वाचनालयाचे उघडे दार म्हणजे काय असते, हे मला कोणी समजावून सांगायला नको.

१८७६ साली अलेक्झांडर ग्रॅहम बेलने टेलिफोन जगापुढे आणला. त्यात ऐकण्याचा भाग चांगला होता, पण बोलण्याचा भाग फार दुबळा. वॉशिंग्टनला परतलेल्या बर्लिनरने आपल्या भाड्याच्या खोलीत त्यावर खटपट सुरू केली. सामान काय, तर लहान मुलाच्या खेळण्यातला ढोल, एक सुई आणि पोलादी बटण. बोलण्याने ढोलाचा पडदा थरथरला की आतील दोन भागांचा सैल स्पर्श कमीजास्त होई आणि त्याप्रमाणे विजेचा प्रवाहही. १८७७ साली त्याने या युक्तीच्या पेटंटसाठी अर्ज केला. बेलच्या कंपनीने ती विकत घेऊन त्यालाही नोकरीवर ठेवले. या श्रेयावरून एडिसनच्या बाजूशी वर्षानुवर्षे कज्जे चालले. असो.

नोकरी सोडून तो पुन्हा वॉशिंग्टनला आला तेव्हा त्याच्या मनात आवाज साठवण्याचा प्रश्न घोळत होता. एडिसनच्या नळकांड्यावर सुई वरखाली खोल-उथळ चर कोरत असे. त्याहून मोठी अडचण होती ती प्रतींची. एका नळकांड्यावरून हुबेहूब दुसरी नळकांडी मोठ्या संख्येने काढण्याची सोय तेव्हा नव्हती. म्हणून गायकाला तेच गाणे पुन्हा पुन्हा गावे लागे. शंभर नळकांडी हवी असतील तर बिचाऱ्याचा घसा बसायचाच!

बर्लिनरने रीतच बदलली. त्याने जस्ताची सपाट तबकडी घेतली आणि तिच्यावर मेणाचा अगदी पातळ थर दिला. सुई वरखाली न जाता डावीउजवीकडे हलत त्या मेणात नागमोडी रेघ ओढी. मग ती तबकडी आम्लात ठेवायची. जेथे मेण निघाले असेल तेथेच आम्ल जस्त खाई आणि रेघेचा चर तयार होई. या मूळ तबकडीवर विजेच्या साह्याने तांब्याचा थर चढवून तो सोडवला की उलटा साचा मिळे. गोड बुंदीचा लाडू वळावा तसे नव्हे, तर चकलीच्या सोऱ्याप्रमाणे एकच साचा आणि त्यातून हव्या तितक्या प्रती. गायकाने एकदाच गायचे! २६ सप्टेंबर १८८७ रोजी त्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि यंत्राला नाव दिले ग्रामोफोन. १६ मे १८८८ रोजी फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये त्याने त्याचे प्रात्यक्षिक केले. त्या वेळी त्याने एक भाकीतही केले होते : पुढेमागे नामांकित गायकांना आपल्या तबकड्यांच्या विक्रीवर मानधन मिळू लागेल. त्या दिवशी ऐकणाऱ्यांना ते स्वप्नरंजन वाटले असेल. पुढे सारा धंदा त्यावरच उभा राहिला.

पण यश लगेच आले नाही. ग्रामोफोनची पहिली विक्री झाली ती जर्मनीत, १८८९-९० च्या सुमारास आणि तीही मुलांचे खेळणे म्हणून. तबकडी जेमतेम पाच इंचांची. हाताने दांडा फिरवायचा. हात जोरात फिरला की आवाज बारीक, दमला की जाड. अमेरिकेत त्याने सात इंची तबकड्या काढल्या. त्या प्रथम कडक रबराच्या होत्या. नंतर १८९० च्या दशकाच्या मध्यास लाखेचे मिश्रण सापडले. ही लाख प्रामुख्याने आपल्याच देशातून जाई. छोटा नागपूरच्या रानात पळस-कुसुमाच्या फांद्यांवर किड्यांनी साठवलेल्या लाखेवर पुढची पन्नास वर्षे साऱ्या जगाचे संगीत कोरले गेले! फिरकीचा प्रश्न सोडवला कॅमडन गावच्या एल्ड्रिज जॉन्सन या कारागिराने. १८९६ साली त्याने चावीची मोटर बसवून दिली आणि खेळण्याचे वाद्य झाले.

यापुढचा भाग वाचताना मन खिन्न होते. विक्रीसाठी बर्लिनरने नेमलेल्या फ्रँक सीमन या व्यापाऱ्याशी त्याचे बिनसले. प्रकरण कोर्टात गेले आणि १९०० साली अमेरिकेत आपलाच ग्रामोफोन विकण्यास बर्लिनरला मनाई झाली. एकोणपन्नासाव्या वर्षी स्वतःच्या शोधावर पाणी सोडायची पाळी! दुसरा कोणी असता तर कोर्टाच्या पायऱ्या चढण्यातच उरलेले आयुष्य घालवून बसला असता. बर्लिनरने कॅनडात माँट्रियलला आपले काम हलवले. अमेरिकेतील धंदा जॉन्सनने व्हिक्टर कंपनीच्या नावाने पुढे नेला. कर्ण्यापाशी कान देऊन बसलेल्या कुत्र्याचे जे चित्र आपण सर्वांनी पाहिले आहे, ते बॅरो या चित्रकाराचे. अमेरिकेत त्याची व्यापारी खूण म्हणून नोंद बर्लिनरनेच १९०० साली केली होती. गंमत अशी की कज्ज्यांमुळे ग्रामोफोन हा शब्द त्याच्या देशात मागे पडला आणि इंग्लंडात व आपल्याकडे मात्र रूढ झाला.

आपल्याकडे तो आला कसा, हेही सांगितले पाहिजे. बर्लिनरच्या हाताखाली वॉशिंग्टनमध्ये फ्रेड गेसबर्ग नावाचा एक तरुण पियानो वाजवीत असे. तो लंडनच्या ग्रामोफोन कंपनीसाठी १९०२ साली कलकत्त्याला आला आणि त्याने गोहरजानचे गाणे मुद्रित केले. त्या मुद्रिका कारखान्यात पाठवल्या गेल्या तो कारखाना होता हॅनोव्हरचा, बर्लिनर बंधूंनी १८९८ साली आपल्या जन्मगावी उभारलेला. गाणे संपताच गोहरजान इंग्रजीत आपले नाव पुकारते, ते त्या परक्या कारागिरांना तबकडीची ओळख पटावी म्हणून, असे सांगतात. १९०८ साली कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला आणि मग इकडच्या प्रती इकडेच निघू लागल्या. नाटकाच्या तिकिटाचे पैसे ज्यांच्याजवळ नव्हते अशांच्याही कानांवर बालगंधर्वांचा आवाज पडला, तो या तबकडीमुळे.

बर्लिनरच्या उत्तरायुष्यातील एक गोष्ट मला त्याच्या यंत्राहून मोठी वाटते. १९०० च्या सुमारास त्याची तान्ही मुलगी पोटाच्या विकाराने फार आजारी झाली. ती बरी झाली, पण दूषित दुधाने त्या काळी किती मुले दगावतात हे पाहून तो हादरला. दूध तापवून, निर्जंतुक करूनच मुलांना द्यावे यासाठी त्याने वृत्तपत्रांत मजकूर छापवला, पत्रके वाटली, मुलांसाठी पद्ये लिहिली. संशोधन करणाऱ्या स्त्रियांसाठी आईच्या नावाने शिष्यवृत्ती ठेवली. ३ ऑगस्ट १९२९ रोजी वॉशिंग्टनमध्ये तो वारला. अंत्यविधीवर खर्च करू नका, ते पैसे तान्ही मुले असलेल्या गरीब आयांना द्या, असे त्याने घरच्यांना सांगून ठेवले होते.

त्यानंतर त्रेपन्न वर्षांनी, ऑगस्ट १९८२ मध्ये, विक्रीसाठीच्या पहिल्या सीडी तयार झाल्या त्या हॅनोव्हरला लागूनच असलेल्या लांगेनहागेन येथील कारखान्यात. सुई गेली, तेथे प्रकाशकिरण आला. पण आधी एक मूळ तबकडी, तिच्यावरून धातूचा साचा आणि साच्यातून प्रती, ही रीत तीच राहिली. बर्लिनरच्या सुरुवातीच्या तबकड्यांवर कागदी लेबल नसे; गाण्याचे नाव आणि क्रमांक भोकाभोवती कोरलेले असत. आजचा संग्राहक सीडी उजेडात धरून वाचतो तो मजकूर त्याच जागी असतो.

प्रत म्हणजे काहीतरी हलके, असे आपण समजतो. मला ते पटत नाही. प्रती निघाल्या नसत्या तर गाणे दरबारात आणि ज्ञान मोजक्या घरांत राहिले असते. माझ्यासारखीच्या वाट्याला त्यातले काहीच आले नसते. मात्र प्रत मुळावरून काढलेली हवी. आपल्याकडे परीक्षेच्या आधी टिपणांच्या झेरॉक्सवरून झेरॉक्स निघतात, आणि पाचव्या-सहाव्या हाती येणाऱ्या कागदावर अर्धी अक्षरे उडालेली असतात. ती आपण तशीच पाठ करतो. जुन्या सीडीसाठी वणवण करणारा संग्राहक वेडा वाटतो खरा, पण मुळाच्या शक्य तितके जवळ जाण्याचा त्याचा हट्ट आपण विद्यार्थ्यांनी घ्यावा असाच आहे. टिपणे वाचल्यावर मूळ ग्रंथ एकदा तरी हातात घ्यावा. चौदाव्या वर्षी शाळा सुटलेला एक मुलगा बाटल्या धुऊन झाल्यावर रोज संध्याकाळी तेच करीत होता, आणि आपल्या ग्रंथालयाचे दार तर दुपारीसुद्धा उघडे असते.